मातीचा पाठ

दगडी किल्ल्याची पडझड झाली, तर निखळलेला चिरा शोधून तो पुन्हा जागेवर बसवता येतो. चिरा तोच असतो, त्याची जागा ठाऊक असते, आणि बसवणारा हात कुशल असेल तर तट पूर्ववत झाला असे म्हणायला हरकत नसते. मातीच्या तटाबाबत ही सोय नाही. पावसाने खंदकात उतरलेली माती फावड्याने पुन्हा वर चढवली, की जे तयार होते तो जुना तट नसतो. जुन्या मातीचा नवा ढीग असतो. आकार हीच मातीच्या तटाची एकमेव ओळख, आणि तो आकार देणारे हात तर केव्हाच गेलेले. त्यामुळे अशा तटाची डागडुजी करू पाहणाऱ्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो हा, की येथे डागडुजी म्हणायचे तरी कशाला?

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१–६५) रणभूमींविषयी वाचताना हा प्रश्न मला वारंवार भेटत गेला. व्हर्जिनिया राज्यात या युद्धातील मातीच्या मोर्चेबंदीचे अवशेष मैलोन्‌मैल पसरलेले आहेत. काही सरकारी उद्यानांच्या हद्दीत आहेत, काही खाजगी जंगलात, तर काही घरांच्या मागच्या अंगणात. या अवशेषांच्या देखभालीसाठी जे लोक स्वेच्छेने राबतात, त्यांत एक वर्ग मोठा कुतूहलजनक आहे. एरवी हे लोक शिक्षक, सुतार, कारकून किंवा निवृत्त नोकरदार असतात. पण सुट्टीच्या दिवशी लोकरीचा जाडाभरडा गणवेश चढवून, जुन्या धाटणीची बंदूक खांद्यावर टाकून १८६४ सालचे सैनिक होतात. इंग्रजीत त्यांना रीएनॅक्टर म्हणतात. आपण त्यांना हौशी सैनिक म्हणू. १९९६पासून दर वसंतात ‘पार्क डे’ या नावाने रणभूमींवर श्रमदानाचा उपक्रम होतो. त्याच्यामागे असलेली संस्था आज अमेरिकन बॅटलफील्ड ट्रस्ट या नावाने ओळखली जाते. त्या उपक्रमात शाळकरी मुले आणि स्थानिक रहिवासी यांच्याबरोबर हे हौशी सैनिकही फांद्या उचलताना, पायवाटा दुरुस्त करताना दिसतात.

प्रथमदर्शनी यात विशेष काही वाटत नाही. ज्याला इतिहासाचे वेड, त्याने इतिहासाच्या अवशेषांची सेवा करावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु थोडे खोलात गेल्यावर लक्षात येते, की हौशी सैनिकाची ओढ आणि मातीच्या तटाची गरज या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध दिशेने जाणाऱ्या आहेत. त्यांच्यातील ताण समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

*

मुळात हे तट कसे होते? पीटर्सबर्ग या शहराभोवतीचा वेढा जून १८६४मध्ये सुरू झाला आणि एप्रिल १८६५पर्यंत, म्हणजे नऊ महिन्यांहून अधिक काळ चालला. दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी या काळात जमीन अक्षरशः उलथीपालथी केली. समोर खंदक खणायचा आणि त्यातून निघालेल्या मातीचा मागे तट रचायचा, हे त्याचे मूळ तत्त्व. माती घसरू नये म्हणून तटाच्या आतील अंगाला ओंडक्यांचा किंवा विणकामाचा आधार दिला जाई. त्यासाठी काटक्यांच्या, तळ नसलेल्या, आपल्याकडच्या कणगीची आठवण करून देणाऱ्या मोठ्या टोपल्या विणत आणि त्या मातीने भरून रांगेत उभ्या करत. काटक्यांच्या मोळ्या बांधून त्याही रचत. तटासमोर झाडांच्या छाटलेल्या, टोकदार केलेल्या फांद्या शत्रूकडे तोंड करून पसरलेल्या असत. तोफगोळ्यांपासून आसरा म्हणून ओंडके आणि माती यांनी झाकलेली भुयारवजा घरे असत.

यातील लाकूड आणि विणकाम काही वर्षांतच कुजून गेले. उरली ती माती. आज पीटर्सबर्गच्या जंगलात फिरणाऱ्याला एक लांबच लांब, बसका, पानांनी झाकलेला उंचवटा दिसतो आणि त्याच्या शेजारी उथळ झालेली चर. माहीत नसलेला मनुष्य शेताचा जुना बांध समजून तो ओलांडून जाईल.

या उंचवट्याचा मित्र कोण आणि शत्रू कोण, हे ठरवणे सोपे नाही. झाडाची मुळे माती धरून ठेवतात आणि पानांचा थर पावसाचा मारा सोसतो; पण तेच झाड वादळात उन्मळले, तर मुळांबरोबर तटाचा मोठा लचका उपटून काढते. पर्यटकांना तट नीट दिसावेत म्हणून झाडी साफ करावी, तर उघडी पडलेली माती काही पावसाळ्यांत वाहून जाते. गवत यंत्राने कापावे, तर यंत्राचे पाते उंचवट्याचा माथा सोलून काढते. आणि सर्वांत साधा, सर्वांत हट्टी शत्रू म्हणजे माणसाचे पाऊल. तटावर चढून पलीकडे पाहण्याचा मोह होणाऱ्या प्रत्येक पावलागणिक तट झिजतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून या मोर्चेबंदीच्या निगेबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, त्यांचा रोख साधारणपणे असा आहे: माती उघडी पडू देऊ नये, विरळ जंगल किंवा उंच देशी गवत यांचे पांघरूण राखावे, धोकादायक झाड मुळासकट न उपटता बुंध्याशी कापावे, आणि झिजलेला भाग मूळच्या उंचीवर नेण्याचा मोह टाळावा.

मोह टाळावा, हा यातील कळीचा भाग आहे. कारण हौशी सैनिकाच्या छंदाचा आधारच मुळी या मोहावर आहे. त्याला जुना काळ नुसता पाहायचा नसतो, अंगावर घ्यायचा असतो. गणवेशाची शिवण हाताची आहे की यंत्राची, बटणे कोणत्या धातूची, शिधा कोणता, यावर या मंडळींत तासन्‌तास वाद होतात. अशा माणसाला साहजिकच खंदकात उतरावेसे वाटते, तटाला छाती टेकून बंदूक रोखावीशी वाटते, आणि तट छातीइतका उंच राहिलेला नसेल तर तो तसा करावासा वाटतो.

या मोहाचा एक प्रसंग सर्वश्रुत आहे. युद्धाच्या शताब्दीनिमित्त जुलै १९६१मध्ये मनॅससच्या प्रत्यक्ष रणभूमीवर पहिल्या लढाईचा भव्य पुनर्प्रयोग झाला. त्यावर बरीच टीका झाली. शोकाची जागा जत्रेची जागा झाली, असा तिचा एक सूर होता. पुढे राष्ट्रीय उद्यान विभागाने आपल्या हद्दीत दोन फळ्यांनी परस्परांवर गोळीबार करण्याचे, मरून पडण्याचे प्रयोग बंद केले, आणि ते धोरण आजही लागू आहे. हौशी सैनिक या उद्यानांत छावणीचे जीवन दाखवू शकतात, बंदुकीचे प्रात्यक्षिक करू शकतात. पण लढाई करू शकत नाहीत. त्यांच्या छंदाचे शिखर येथे त्यांना वर्ज्य आहे. येथे करण्यासारखे उरते ते काम, आणि तेही असे, की ज्याला प्रेक्षक नसतो.

*

साहित्याच्या अभ्यासकांना या पेचाची ओळख दुसऱ्या एका क्षेत्रातून आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले आणि ते १९६६मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी त्यासाठी जी शिस्त घालून दिली, तिचा एक भाग म्हणजे संपादकाने आपल्या बुद्धीला घातलेला लगाम. एखादा श्लोक सदोष वाटला, तरी आपल्याला सुचलेला सुंदर शब्द तेथे बसवायचा नाही. हस्तलिखितांनी जे दिले त्याचाच तौलनिक विचार करायचा. जेथे पाठाची निश्चिती कमी, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढायची. वगळलेले श्लोक फेकून न देता तळटीपांत किंवा परिशिष्टांत ठेवायचे. वाचकाला संहिता मिळते, आणि त्याच पानावर तिच्या अनिश्चिततेचा हिशोबही मिळतो.

मातीचा तट हीदेखील एक संहिताच होय, आणि तिची एकच प्रत उपलब्ध आहे. पाऊस, मुळे, बिळे करणारे प्राणी आणि पर्यटक हे तिचे लेखनिक. प्रत्येकाने आपापला प्रमाद तिच्यात घातलेला आहे. आपल्याकडे देवळांच्या जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या शिल्पांवर तैलरंग चढतो आणि कोरीव खांबांना गुळगुळीत फरश्या लागतात, तेव्हा होते ते एका एकुलत्या प्रतीवर नव्या शाईने गिरवणे. भावना शुद्ध असते, परंतु मूळ अक्षर कायमचे जाते. झिजलेल्या तटावर माती चढवणारा हौशी सैनिक हेच करील. म्हणून त्याला सांगितले जाते, की फांद्या ओढत नेऊ नकोस, उचलून ने. मधल्या पायवाटेवर काटक्यांचा अडसर घाल. उघड्या मातीवर गवत धरू दे. आणि तटावरून जाण्याचा मोह कोणाला होऊ नये म्हणून बाजूने लाकडी पूल बांध. हे सारे काम संहितेच्या समासात चालते. मुख्य ओळीला हात लागत नाही.

मग फावडे मारण्याची हौस कोठे भागवावी? तीसाठी जागा आहे, आणि ती कमी प्रतिष्ठेचीही नाही. मराठीत ‘प्रयोग’ या एकाच शब्दाने आपण नाटकाचा खेळ आणि शास्त्रज्ञाची चाचणी या दोहोंचा निर्देश करतो. मातीच्या बाबतीत हे दोन अर्थ खरोखर एकत्र आलेले आहेत. इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यातील ओव्हर्टन डाउन येथे १९६०मध्ये पुरातत्त्वज्ञांनी एक बांध आणि त्याच्या बाजूचा खंदक मुद्दाम नव्याने खणला. प्राचीन काळच्या शिंगांच्या कुदळींसारखी हत्यारे वापरून किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजले, आणि नंतर तो बांध निसर्गाच्या स्वाधीन केला. २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ वर्षांनी त्याला छेद घेऊन माती कशी कशी बसत गेली हे पाहायचे, असा संकल्प होता. अखेरचा छेद घेणारे लोक पहिली कुदळ मारणाऱ्यांना भेटणार नाहीत, हे सर्वांना ठाऊक होते. या बांधाने शिकवले ते असे, की खंदक भरून येण्याचा वेग पहिल्या काही वर्षांत फार असतो, नंतर गवत धरते आणि आकार बराच स्थिर होतो. झिजलेला आकार म्हणजे निव्वळ नाश नव्हे. माती आणि काळ यांच्यात झालेला तो एक तह असतो.

पीटर्सबर्गच्या उद्यानातही मूळ तटांपासून वेगळी अशी एक नव्याने रचलेली मोर्चेबंदी आहे. टोपल्या, ओंडके, टोकदार अडसर, झोपड्या असे सारे तेथे पाहायला मिळते. लाकूडकाम कुजत असल्यामुळे असा देखावा सतत नवा करावा लागतो, आणि येथे हौशी सैनिकाच्या हाताला आलेले ज्ञान उपयोगी पडते. टोपली किती घट्ट विणावी लागते, ओल्या मातीने ती कोठे फुगते, दिवसभर खणल्यावर बंदूक उचलायला हात उरतो का, या गोष्टी पुस्तकात क्वचितच सापडतात. हा प्रयोग चिकित्सक आवृत्तीच्या परिशिष्टासारखा आहे. त्याने मुख्य पाठाची जागा घेतली नाही, म्हणजे तो निर्धोक आणि उपकारक ठरतो.

*

येथवरचा विचार माती कशी राखावी याचा झाला. परंतु फावडे हातात घेतले, की एक दुसरा प्रश्न आपोआप पुढे येतो, आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. हौशी सैनिक गणवेश घालतो तो लढणाऱ्याचा. तट मात्र खणणाऱ्याने घडवलेला असतो. हे दोघे एकच होते का?

पीटर्सबर्गभोवतीची पहिली मोर्चेबंदी वेढ्याच्या दोन वर्षे आधी, १८६२मध्ये सुरू झाली. कॅप्टन चार्ल्स डिमॉक या अभियंत्याच्या देखरेखीखाली ती बांधली गेली, म्हणून तिला डिमॉक लाइन म्हणतात. सुमारे १० मैल लांबीची ही रेषा, तिच्यावर तोफांचे ५५ मोर्चे. तिच्यासाठी राबलेल्या मजुरांत गुलाम कृष्णवर्णीयांचा वाटा फार मोठा होता. ऑक्टोबर १८६२मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने संरक्षणाच्या कामांवर गुलाम सक्तीने मागवण्याचा कायदा केला. त्यात मोबदल्याची तरतूद होती, पण तो मिळायचा मालकाला. ज्या तटाआडून दक्षिणेचे सैनिक गुलामगिरी टिकवण्यासाठी लढले, तो तट अशा रीतीने गुलामांच्या हातांनी उभा राहिला होता. आणि १५ जून १८६४ला उत्तरेच्या सैन्याने या रेषेवर पहिला मोठा हल्ला चढवला, तेव्हा तिच्यातील काही मोर्चे जिंकून घेणाऱ्यांत कृष्णवर्णीय पलटणीही होत्या. एकाच उंचवट्यावर हे दोन्ही इतिहास एकावर एक बसलेले आहेत. माती त्यांत भेद करीत नाही, स्मरण करणाऱ्यांनी मात्र केला.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘क्रेटर’ची लढाई. उत्तरेच्या बाजूने लढणाऱ्या पेन्सिल्व्हेनियाच्या ४८व्या पलटणीत कोळशाच्या खाणींत काम केलेले पुष्कळ जण होते. लेफ्टनंट कर्नल हेन्री प्लेझंट्स यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी शत्रूच्या तटाखालपर्यंत ५११ फुटांचे भुयार खणले, त्यात ८,००० पौंड दारू भरली आणि ३० जुलै १८६४च्या पहाटे सुरुंग उडवला. हल्ल्याच्या अग्रभागी राहण्यासाठी कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकडीला आधी तयार करण्यात आले होते. आयत्या वेळी बेत बदलला आणि त्यांना मागून, हल्ला फसलेला असताना, त्या खड्ड्याकडे पाठवण्यात आले. त्यांच्यातील अनेकांना शरण येत असताना वा आल्यानंतर ठार मारण्यात आले.

या खड्ड्यावर पुनर्प्रयोग होऊ लागले ते फार लवकर. नोव्हेंबर १९०३मध्ये दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या वृद्ध सैनिकांनी आपण केलेला प्रतिहल्ला त्याच जागी पुन्हा करून दाखवला. मधल्या काळात या परिसरात गॉल्फचे मैदानही झाले. १९३६मध्ये ही जमीन राष्ट्रीय उद्यानात आली आणि १९३७मध्ये मोठ्या समुदायासमोर लढाईचा आणखी एक प्रयोग झाला. दोन्ही प्रयोगांचा विषय गोऱ्या सैनिकांचे शौर्य आणि त्यांचा परस्परसमेट हा होता. कृष्णवर्णीय पलटणींना त्यांत भूमिका नव्हती. केव्हिन लेव्हिन या इतिहासकाराने २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या विस्मरणाचा तपशीलवार मागोवा घेतला आहे. त्यावरून दिसते, की पुनर्प्रयोगात एखादी भूमिका गाळली जाते तेव्हा ती केवळ एका खेळातून गळत नाही. पिढ्यांच्या स्मरणातूनही जाते.

तटाची डागडुजीसुद्धा असे गाळणे करू शकते. वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी १८६१मध्ये बांधलेल्या फोर्ट वॉर्ड या मातीच्या किल्ल्याचा वायव्य बुरूज अलेक्झांड्रिया शहराने शताब्दीच्या काळात, १९६१ ते १९६४ या वर्षांत, उत्खनन आणि जुने आराखडे यांच्या आधारे पूर्ववत केला. काम अभ्यासपूर्ण होते. पण युद्धानंतर त्याच परिसरात कृष्णवर्णीय कुटुंबांची एक वस्ती झाली होती. घरे, शाळा आणि कबरी असलेली ती वस्ती जवळजवळ शतकभर नांदली, आणि किल्ल्याचे उद्यान करण्याच्या ओघात ती उठवली गेली. त्या भूमीचा १८६४चा पाठ परत मिळवताना नंतरच्या शंभर वर्षांचा पाठ प्रक्षिप्त म्हणून खोडला गेला. अलीकडच्या पुरातत्त्वीय पाहण्यांतून आणि वंशजांच्या आग्रहातून त्या वस्तीच्या खुणा आणि विस्मृत दफनस्थाने पुन्हा नोंदली गेली आहेत. सुखठणकरांच्या शिस्तीत वगळलेला श्लोक निदान तळटीपेत जिवंत राहतो. येथे तळटीप लिहायलाच अर्धे शतक गेले.

मराठी वाचकाला या साऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याला एक जुने उत्तर आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्याच्या कार्याबद्दल, अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केलेला आहे. युद्ध संपून तेव्हा आठच वर्षे झाली होती आणि पीटर्सबर्गच्या तटांवर गवत नुकते कोठे स्थिरावत होते. पुण्यात बसून या युद्धाकडे पाहणाऱ्या जोतीरावांना त्यात सेनापतींचे डावपेच महत्त्वाचे वाटले नाहीत. राबणाऱ्याचे बंधन तुटले, ही गोष्ट महत्त्वाची वाटली. स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतलेल्या या माणसाला खणणारे कोण आणि नाव कोणाचे लागते, हे निराळे सांगण्याची गरज नव्हती.

त्यांच्या नजरेने पाहिले, तर हौशी सैनिकाच्या श्रमदानाचा अर्थ थोडा बदलतो. ‘ग्लोरी’ (१९८९) या चित्रपटानंतर कृष्णवर्णीय पलटणींचे गणवेश घालणारी पथके वाढली आणि रणभूमीवरची एक मोठी उणीव काही अंशी भरून निघाली. पण डिमॉक लाइन खणणाऱ्या मजुराला गणवेश नव्हता, त्याला पदक नव्हते, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे नावही कागदावर उरलेले नाही. त्याची भूमिका करण्याची हौस कोणाला वाटणार? कदाचित वाटूही नये. दुसऱ्याच्या सक्तीचा अभिनय सुट्टीच्या दिवशी करणे, यात औचित्याचा प्रश्न आहेच.

परंतु गणवेश बाजूला ठेवून, साध्या कपड्यांत, प्रेक्षकांविना, एखादा माणूस त्या उंचवट्याच्या कडेने वाकतो, वाळलेली फांदी उचलून दूर नेऊन ठेवतो आणि तटावर पाय पडणार नाही याची काळजी घेतो, तेव्हा तो कोणाचाच अभिनय करीत नसतो. निनावी हातांनी रचलेली माती निनावी राहूनच तो राखत असतो. त्या मातीशेजारी एक फलक हवा, आणि त्यावर लढणाऱ्यांच्या पलटणींबरोबर खणणाऱ्यांची नोंद हवी. नावे मिळाली तर नावांसह. जेथे ती मिळणार नाहीत, तेथे ती जागा कोरी सोडून तिच्याखाली सुखठणकरांसारखी नागमोडी रेघ ओढावी.